आपा झोपेत चालायची

आमचं घर लोणावळ्याच्या बाजारात होतं. पुढं अब्बांचं दुकान, मधे स्वयंपाकघर आणि मागं एक खोली. अब्बा कापूस पिंजायचे, गाद्या-उशा भरायचे. बंगल्यांवर हवा खायला येणारी मंडळी त्यांच्याकडून जुन्या गाद्या पिंजून घेत, नव्या भरून घेत. दुकानात मावायचा नाही तो कापूस मागच्या खोलीत येऊन पडायचा, आणि त्याच खोलीत मी आणि माझी थोरली बहीण झोपायचो. तिला मी आपा म्हणायचे. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील ती. मी आठ वर्षांची होते, आपा चौदाची.

त्या खोलीत दिवा न्यायचा नाही, हा अब्बांचा कडक नियम. कापसावर ठिणगी पडली तर आपलं घरच काय, सगळी आळी जाईल, असं ते म्हणत. त्यामुळं स्वयंपाकघरातली चिमणी अम्मानं फुंकली की आमच्याकडं डोळ्यांत बोट घातलं तरी दिसायचं नाही. मागच्या बोळाकडं एक खिडकी होती. पावसाची झड आत येते म्हणून अब्बांनी एका वर्षी तिला बाहेरून पत्रा ठोकला, तो पुढं काढलाच नाही. पुढच्या पावसाळ्यात परत ठोकायचाच आहे, मग काढायचा कशाला, हे त्यांचं उत्तर ठरलेलं.

मला त्या खोलीतल्या सगळ्याची भीती वाटायची. कापसाचा ढीग रात्री आपोआप खाली बसतो. तो बसताना कुणीतरी दमून श्वास सोडावा तसा आवाज येतो. भिंतीवर अब्बांची जुनी कमान टांगलेली होती, कापूस पिंजायची. घाट चढून आलेली मालगाडी स्टेशनात शिरली की भिंती थरथरायच्या आणि त्या कमानीची तात, ती ताणलेली दोरी, आपोआप गुणगुणायला लागायची. मला वाटायचं, अंधारात उभं राहून कुणीतरी ती बोटानं छेडतंय.

पण मला आपा होती. मी नुसती जवळ सरकले तरी तिला कळायचं.

"तात आहे ती," ती म्हणायची. "गाडी आली म्हणून वाजली. दहापर्यंत मोज, थांबेल."

मी मोजायचे. कधी आठाला थांबायची, कधी पंधराला. न थांबली तर आपा म्हणायची, "आज डबे जास्त आहेत." प्रत्येक आवाजाला तिच्याकडं नाव होतं. हा उंदीर, हे पत्र्यावरचं चिंचेचं पान, हा शेजारच्या काकांचा खोकला. दिवसभर ती अब्बांबरोबर गाद्यांना टाके घालायची. न बघता सुईत दोरा ओवायची. साप निघाला तर काठी शोधायला तीच धावायची. तिला कशाची भीती वाटत असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

एका हिवाळ्यात अब्बा पहाटेच्या नमाजाला निघाले आणि त्यांना आपा रेल्वेच्या तारेच्या कुंपणाशी उभी दिसली. अंगावर झोपायचे कपडे, पाय उघडे, दवानं भिजलेले. अब्बांनी हाक मारली तर ती म्हणाली, "अजून दोन टाके राहिलेत." अब्बांनी आपली चादर तिच्यावर टाकली आणि तिला घरी आणलं. चुलीपाशी बसवल्यावर ती जागी झाली आणि इकडंतिकडं बघायला लागली.

"मी इथं कशी?" तिनं विचारलं.

अम्मानं अब्बांना विचारलं, "कुणी पाहिलं का?"

"नाही. अंधार होता."

"नक्की ना?"

अब्बांनी मान हलवली. अम्मा मटकन खाली बसली. तेव्हा मला वाटलं होतं, आपा रुळांवर गेली असती म्हणून ती एवढी घाबरली. तसं घाबरली असेलच. पण पुढं वर्षभर मी तिच्या तोंडून तो एकच प्रश्न ऐकत राहिले.

त्या दिवशी संध्याकाळी अब्बांनी खोलीच्या मागच्या दाराला कुलूप आणलं. किल्ली अम्माच्या कनवटीला. स्वयंपाकघराकडच्या दाराला तिकडून कडी. पण पहाटे आपा झोपेत उठली आणि कुलूप धरून दार हलवत राहिली. मी घाबरून भिंतीला चिकटून बसले. अम्मा येईपर्यंत अर्धी आळी जागी झाली असेल.

सकाळी शेजारच्या काकू नळावर म्हणाल्या, "पहाटे काय ठोकत होता ग तुम्ही?"

"उंदीर," अम्मा म्हणाली. "कापसात फार झालेत."

"उंदीर कडी वाजवतात?"

अम्मा हसली. घरी आल्यावर तिनं हंडा इतक्या जोरात आपटला की त्याला पोचा पडला. संध्याकाळी तिनं जुन्या लुगड्याचा काठ फाडून घेतला. एक टोक आपाच्या उजव्या मनगटाला, दुसरं माझ्या डाव्या. मधे वीतभर काठ.

"हिला उठू द्यायचं नाही," अम्मानं मला सांगितलं. "उठली की ओढ. तरी जागी झाली नाही तर मला हाक मार. हळू मार. आणि शाळेत, नळावर, कुणापाशी बोललीस तर याद राख. हिचं लग्न व्हायचंय. लोक फेफरं म्हणतील, बाहेरचं म्हणतील. एकदा नाव पडलं की पडलं."

आपा तिथंच बसली होती. तिनं आपला हात पुढं केला. माझी गाठ बांधताना अम्माला म्हणाली, "तिची सैल बांध. तिचा हात लहान आहे."

सैल बांधली तर तो काठ हातातून निघायचा. म्हणून अम्मानं घट्टच बांधला.

बांधून झोपणं म्हणजे काय ते सांगणं अवघड आहे. कूस बदलायची तर दोघींनी बदलायची. मला डाव्या कुशीवर झोपायची सवय होती, ती गेली. रात्री लघवीला लागली तर अम्माला हाक मारायची, तिनं उठून कडी काढायची, गाठ सोडायची, आणि ती दिवसभर राबलेली; एकदा हाक मारली तेव्हा तिनं माझा दंड असा धरला की मी पुन्हा मारली नाही. दोनदा अंथरूण ओलं झालं. गादीवाल्याच्या पोरीनं गादी भिजवली म्हणून अब्बा हसले. मला त्या हसण्याचा राग आला.

पण खरी भीती वेगळीच होती. आता आपा आवाजांची नावं सांगेना. अंधारात मी जागी राहायचे आणि माझ्या मनगटाला ताण येतोय का याकडं लक्ष द्यायचे. कापूस खाली बसायचा, तात वाजायची, ते सगळं मला दूरचं वाटायला लागलं. भीती माझ्या शेजारी झोपली होती आणि मी तिला बांधलेली होते. ओढ लागायची. आपा उठून बसायची, काहीतरी पुटपुटायची, बहुतेक टाक्यांचंच. मी दोन्ही हातांनी ओढायचे. कधी ती लगेच आडवी व्हायची. कधी तशीच बसून राहायची, आणि मला अंधारात तिचं तोंड दिसायचं नाही. ते माझ्याकडं वळलेलं आहे की दुसरीकडं, तेही कळायचं नाही.

अब्बांनी पुण्याहून तावीज आणला. देणाऱ्याला सांगितलं, पोरीला खोकला आहे. हकिमाकडं न्यायचा विषय निघाला तर अम्मा म्हणाली, "हकिमाची बायको गावभर बोलते." मग तोही विषय मिटला.

शाळेत एका मुलीनं माझं मनगट पाहिलं. लाल वळ उठला होता, एका जागी कातडी सोललेली. "कुणी मारलं?" तिनं विचारलं. मी म्हणाले, बांगडी घट्ट झाली होती. ती म्हणाली, "मग दुसऱ्या हाताला का नाही?" मी तिच्याशी बोलणंच सोडलं. ती माझी एकुलती एक मैत्रीण होती. त्या वयात एवढा मोठा पाऊस, सुट्ट्या, घरी बसणं, आणि बोलायला कुणी नाही. लोणावळ्याच्या पावसाळ्यात दिवससुद्धा संध्याकाळसारखे असतात. कापूस दमट होतो म्हणून धंदा बंद. दार लावलेलं, खिडकीला पत्रा, सगळं घर कोंदट. दिवसा स्वयंपाकघरात आणि रात्री खोलीत, असे चार महिने मी काढले. मधेच मला वाटायचं की ही मोठी होऊन लग्न करून गेली तरच मी सुटेन. असं वाटलं की दिवसभर मी तिच्या डोळ्याला डोळा द्यायचे नाही.

पाऊस गेला आणि अब्बांना कार्ल्याचं काम मिळालं. तिथल्या एका घरी लग्न होतं, सहा गाद्या पोचवायच्या होत्या. बैलगाडीत गाद्या रचल्या आणि त्यांवर आम्हा दोघींना बसवलं. अब्बा गाडीवानाशेजारी पुढं. किती दिवसांनी मी उन्हात बसले होते. दोन्हीकडं भात पिवळा पडला होता. मी पाय हलवत होते, खुशीत होते.

आपा माझ्याजवळ सरकली. अब्बांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "एक विचारू? खरं सांगशील?"

"काय?"

"मी झोपेत काय करते ग? कशी दिसते?"

मी तिच्याकडं पाहिलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. गादीचा टाका नखानं ओढत होती.

"अम्माला विचारलं तर ती रडते," आपा म्हणाली. "तूच बघतेस. तू सांग."

खरं म्हणजे मी काहीच बघत नव्हते. अंधारात बघणार काय? ती उठून बसते, टाक्यांचं बोलते आणि पुन्हा झोपते, एवढंच सांगायचं होतं. पण माझ्या मनगटाला घाम लागून वळ झोंबत होता. तुटलेली मैत्रीण आठवली, ओलं अंथरूण आठवलं, अब्बांचं हसणं आठवलं. आणि तिनं तो प्रश्न माझ्या त्या एका मोकळ्या दिवशी विचारला, त्याचा मला इतका राग आला की मी म्हणाले:

"तुझे डोळे पांढरे होतात. दात बाहेर येतात. आणि तू माझ्याकडं बघून हसतेस."

आपाचं नख टाक्यावर थांबलं. म्हणाली, "रोज?"

"रोज."

अंधारात तुला दिसलं कसं, हे तिच्या मनातही आलं नाही. गाडी चालत राहिली. कार्ल्याला गाद्या उतरवल्या, त्या घरच्यांनी आम्हाला लाडू दिले. आपानं आपला लाडू मला दिला. मी तो खाल्ला.

त्या रात्रीपासून आपा झोपेना. काठ बांधून झाला की ती भिंतीला टेकून बसायची. मला आधी वाटलं ती झोपेतच बसलीय. मी ओढलं तर ती जागेपणाच्या आवाजात म्हणाली, "झोप तू. मी आज जागी आहे." दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. मी आडवी झाले की ती माझ्याकडं पाठ करून बसायची, तिचं तोंड मला दिसू नये म्हणून. ताण येऊ नये म्हणून आपला हात मागं, माझ्या बाजूला पडू द्यायची. पहाटे कधीतरी तिचा डोळा लागायचा आणि लगेच ती दचकून उठायची.

खरं सांगून टाकावं असं मला रोज वाटायचं. सकाळी ठरवायचे, संध्याकाळी सांगीन. संध्याकाळी वाटायचं, आता इतके दिवस झाले, आता सांगितलं तर अम्माही चिडेल. जितके दिवस जात तितकं ते सांगणं जड होत गेलं. दिवसा टाके घालताना आपाचा डोळा लागायचा आणि सुई बोटात जायची. न बघता दोरा ओवणारी आपा आता सुई उजेडाकडं धरून बसायची. तिनं दुकानातल्या आरशाकडं बघणं सोडलं. केस अम्माकडून विंचरून घ्यायची. गालाची हाडं वर आली. अम्मा शेजारणीला सांगायची, "वाढतं वय आहे, उंच होतेय." आणि रात्री चालणं थांबलं म्हणून ती ताविजाला श्रेय द्यायची.

उन्हाळ्यात परंदवडीचं स्थळ आलं. त्यांची थोडी भातशेती होती आणि तळेगाव स्टेशनावर टांगा. बघायला मुलाची आई आली. उंच, काळीसावळी, मोठ्या आवाजाची बाई. तिनं आपाचे हात बघितले, सुईनं टोचलेली बोटं बघितली आणि म्हणाली, "कामाचं हात हायेत. मला चालंल." लग्न ठरलं.

लग्न लागून वऱ्हाड निघताना अम्मानं मला कपाटाआड ओढलं. आमच्यातही नवरीबरोबर पाठराखीण जायची, तिचा मान म्हणून धाकट्या बहिणीला पाठवत. माझ्या बोचक्यात तळाशी तिनं तो लुगड्याचा काठ ठेवला होता.

"पहिल्या जुम्म्याला मी न्यायला येते," ती म्हणाली. "तोवर कुणाला कळता कामा नये. गोधडीच्या आत बांध."

मला ओरडावंसं वाटलं की मला नाही जायचं. मी सुटणार होते. आपा जाणार आणि मी मोकळी होणार, हे मी वर्षभर मनात धरलं होतं. आणि आता तेच बोचकं घेऊन मला तिच्यामागं टांग्यात बसवलं होतं.

परंदवडीच्या घरात पहिले काही दिवस नवरी बायकांतच झोपायची रीत होती. एक लांब खोली, एका टोकाला चूल, दुसऱ्या टोकाला भाताची कणगी. मधे आपाच्या सासूबाई, आम्ही दोघी आणि नवऱ्याची एक म्हातारी आत्या. पहिल्या दोन रात्री मी गोधडीच्या आत, चाचपडत, दातानं गाठ आवळली. आपा जागीच राहिली. लग्नाच्या दगदगीनं तिचे डोळे आत गेले होते, तरी ती जागीच. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी आपलं अंथरूण अगदी माझ्या लगत घातलं. गोधडी हलली असती तरी त्यांना कळलं असतं. मी काठ काढलाच नाही. आपाचा हात हातात घट्ट धरला आणि ठरवलं, डोळा लागू द्यायचा नाही.

मला जाग आली तेव्हा माझा हात रिकामा होता.

उजाडायला अवकाश होता, पण चुलीत निखारे होते आणि त्यांचा उजेड होता. आपा चुलीपुढं बसली होती. पुढ्यात रिकामी काथवट. ती भाकरी थापत होती. पीठ नाही, पाणी नाही, नुसते हात फिरत होते. थापायची, उचलायची, तव्यावर टाकावी तशी पुढं करायची. आणि तिच्यापासून दोन हातांवर सासूबाई गुडघ्यावर हनुवटी टेकवून बसल्या होत्या, तिच्याकडं बघत.

मी उठले तशी त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

"वरडू नगं," त्या कुजबुजल्या. "दचकंल ती."

मी तिथंच बसले. आपानं आणखी दोन-तीन भाकऱ्या थापल्या. मग सासूबाईंनी तिच्या खांद्याला हळू धरलं, उठवलं, अंथरुणावर आणून निजवलं. आपा मुकाट्यानं निजली. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

"लय दिस हाय का हे?"

अम्माचा चेहरा डोळ्यांपुढं आला. हो म्हटलं तर आपाला परत पाठवतील. नाही म्हटलं तर खोटं. मी माझ्या गुडघ्यांकडं बघत राहिले.

"न्हाई म्हनू नगं. तुज्या मनगटावरचं वळ म्या पयल्याच दिशी बगितलं. कशानं झालं ते उमगत नव्हतं." त्यांनी माझा हात हातात घेतला, उजेडाकडं वळवला. "हिला बांदत व्हते व्हय तुला?"

मी रडायला लागले. किती वेळ रडले कोण जाणे. त्या गप्प करत नव्हत्या, थोपटतही नव्हत्या. नुसता हात धरून बसल्या होत्या.

सकाळी चहाच्या वेळी म्हातारी आत्या बाहेर गेली होती. चुलीपाशी आम्ही तिघीच. सासूबाईंनी आपाच्या पुढ्यात भाकरी ठेवली आणि सरळ सांगून टाकलं, "राती तू हितं बसून भाकऱ्या थापत व्हतीस. झोपंत."

आपा पांढरीफटक पडली. हातातली बशी तिनं खाली ठेवली.

"घाबरू नगं. आमच्या चुलत सासऱ्यास्नी व्हतं तसं. ते तर बैल जुपायला जायाचे. पायापाशी ओलं पोतं टाकायचं. पाय गार लागला की मानूस जागं व्हतं. एवडंच."

आपा ते ऐकतच नव्हती. तिनं विचारलं, "तुम्ही बघितलं मला?"

"बगितलं की. मगाधरनं काय सांगती?"

"कशी दिसत होते मी?"

"कशी म्हंजी?"

"माझे डोळे..."

"डोळं अर्दं मिटल्यालं. झोपल्या मानसाचं अस्त्यात तसं."

"आणि दात?"

सासूबाईंनी भाकरी उलथताना तिच्याकडं वळून पाहिलं. "दातांचं काय? तोंड उलीसं उगडं व्हतं. दमल्याली दिसत व्हतीस, दुसरं काय न्हाई."

"मी हसत होते का?"

"न्हाई ग बाई. कशापायी हसशील?"

मग आपानं माझ्याकडं पाहिलं. मी बशीत तोंड घातलं होतं. चहा संपला होता, तरी मी बशी तोंडाला लावून बसले होते. बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली, एवढंच मला कळत होतं. मग तिनं समोरची भाकरी मोडली आणि खायला लागली. ती संपवून दुसरी मागितली. दुसरी संपवून तिसरी. सासूबाई हसल्या, "मायला, खाती तर लय की पोरगी."

जुम्म्याच्या दिवशी अम्मा आली. टांग्यातून उतरल्या उतरल्या तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि माझ्या तोंडावरूनच तिला कळलं. ती ओट्यावर बसली. पाणी दिलं ते हातातच राहिलं. सासूबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या.

"इहीनबाई," त्या म्हणाल्या, "सांगायचं व्हतं की."

अम्मा एरवी मऊ बोलायची. पण त्या दिवशी तिनं सरळ त्यांच्याकडं बघून विचारलं, "सांगितलं असतं, तर केली असती का तुम्ही?"

सुपाचा आवाज थांबला. सासूबाईंनी खरंच विचार केला. तांदळातला एक खडा शोधून त्यांनी अंगणात टाकला.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "नसती केली."

"मग?"

"मग काय? आता केलीया. आता काय परत धाडती व्हय?"

अम्मा हातातलं पाणी एका दमात प्यायली. पदर तोंडाला लावून ती हुंदके देत राहिली. सासूबाई पुन्हा पाखडायला लागल्या. आपा आतून आली, अम्माच्या शेजारी बसली, आणि तिचा पदर नीट करत राहिली.

मी अम्माबरोबर लोणावळ्याला परत आले. मागच्या खोलीत मी आता एकटीच होते. हवी तशी कूस बदलता येत होती, आणि कितीतरी महिने मला तिथं झोप आली नाही. अम्माला मी ते सांगितलं नाही. आमच्या घरात न सांगण्याची सवय सगळ्यांनाच लागली होती. पुढच्या हिवाळ्यात मी स्वतःच हातोडी घेतली आणि खिडकीचा पत्रा उचकटून टाकला. अब्बा बघत होते.

आपाचं चालणं दोन मुलं झाल्यावर हळूहळू कमी झालं आणि मग बंदच झालं. त्या कार्ल्याच्या वाटेवरच्या बोलण्याचा विषय तिनं कधी काढला नाही. मीच काढला, पण किती वर्षांनी. युद्ध संपत आलं होतं, मी सतरा वर्षांची होते, माझंही लग्न ठरलं होतं. परंदवडीला गेले होते. आपा अंगणात धाकट्याला न्हाऊ घालत होती.

"आपा, मी तेव्हा खोटं बोलले होते," मी म्हणाले. "डोळ्यांचं, दातांचं. मला काहीच दिसत नव्हतं."

"माहीत आहे."

"मला माफ कर."

तिनं पोराच्या डोक्यावर पाणी ओतलं, त्याचं तोंड पुसलं.

"माफ त्याच दिवशी केलं," ती म्हणाली. "तू लहान होतीस, आणि तुलाही बांधलं होतं. पण सहा महिने मी आरशात पाहिलं नाही. मला वाटायचं माझ्या आत कुणीतरी आहे, आणि ते तुला खाईल. ते मी विसरले नाही. विसर म्हणू नकोस."

"नाही म्हणणार."

"मग झालं."

तिनं ओलं पोर फडक्यात गुंडाळून माझ्या मांडीवर दिलं आणि घोड्याला वैरण टाकायला उठली.